गांधीहत्येवरचे भांडण

दौंडच्या रेल्वेमार्गाखालची कुरकुंभ मोरी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दौंडातून नगर-मनमाडकडे रेल्वेचा फाटा जातो आणि त्या फाट्यावर विसापूर लागते. फाळणीनंतर विसापूरला निर्वासितांची छावणी होती. गांधीहत्येच्या कटातला मदनलाल पाहवा काही काळ त्या छावणीत होता. त्याला आसरा आणि काम देणारा विष्णू करकरे नगरमध्ये डेक्कन गेस्ट हाउस चालवायचा. ५ जानेवारी १९४८ ला नगरमध्ये रावसाहेब पटवर्धनांची सभा मदनलालने उधळली आणि तो थेट त्यांच्या अंगावर धावून गेला. नगरहून रेल्वेने पुण्याला यायचे तर तेव्हा दौंड चुकत नसे. पुण्यात नारायण पेठेत दिगंबर बडगेचे शस्त्र भांडार होते, नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांचे ‘हिंदुराष्ट्र’ हे पत्र पुण्यातून निघत होते आणि नथुरामचा धाकटा भाऊ गोपाळ खडकीच्या लष्करी डेपोत नोकरीला होता. गोळ्या दिल्लीत झाडल्या गेल्या, पण त्यांच्यामागची बहुतेक ये-जा पुणे-नगर-मुंबई या पट्ट्यातली आहे.

त्यामुळे गांधीहत्येवरचा वाद आमच्याकडे नुसता वाचनालयात राहिलेला नाही. कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवरही तो निघतो आणि तिथेही तो पुस्तकांत होतो तसाच होतो. एक जण ‘पंचावन्न कोटी’ म्हणतो, दुसरा ‘कपूर आयोग’ म्हणतो, तिसऱ्याला चौथी गोळी आठवते. टपरीवर असे चालायचेच. ज्यांनी आयुष्यातली दहा-वीस वर्षे या एका खुनाच्या कागदपत्रांत घातली ते संशोधकही याच रीतीने का भांडतात, हा खरा प्रश्न आहे.

आधी ज्यावर वाद नाही ते सांगून टाकू. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात मदनलालने स्फोट केला आणि तो पकडला गेला. ३० जानेवारीला संध्याकाळी नथुरामने बेरेटा पिस्तुलातून जवळून गोळ्या झाडल्या. लाल किल्ल्यात आत्माचरण यांच्या विशेष न्यायालयात खटला चालला. आरोपी आठ होते आणि बडगे माफीचा साक्षीदार. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात नथुराम आणि आपटे यांना फाशी झाली, पाच जणांना जन्मठेप झाली आणि विनायक दामोदर सावरकर निर्दोष सुटले. सिमल्याला बसलेल्या पंजाब उच्च न्यायालयाने जून १९४९ मध्ये ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या यांनाही सोडले. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी दिली गेली. गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा हे तीन आरोपी मात्र फरारी राहिले.

भांडण खऱ्या अर्थाने पेटले ते खुनानंतर सोळा वर्षांनी, आणि तेही पुण्यात. ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल सुटले. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या उद्यान कार्यालयात सत्यनारायणाची पूजा आणि सत्कार ठेवला गेला. त्या समारंभात टिळकांचे नातू आणि ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा बेत आपल्याला आधीपासून माहीत होता, आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत आपण तो मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापर्यंत पोचवलाही होता. सत्काराला जमलेल्यांना हे जड गेले आणि सरकारला त्याहून जड गेले. संसदेत गदारोळ झाला. आधी गोपाळ स्वरूप पाठक आणि मग नोव्हेंबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. आजची निम्मी भांडणे या अहवालाच्या पोटातून निघाली आहेत.

त्यातले सर्वांत मोठे सावरकरांचे. बडगेची साक्ष अशी की १७ जानेवारीला तो नथुराम-आपटेंबरोबर सावरकर सदनात गेला, वरून ते दोघे खाली आले आणि मागोमाग आलेल्या सावरकरांनी ‘यशस्वी होऊन या’ अशा अर्थाचे शब्द उच्चारले. न्यायाधीशांनी बडगेला खोटारडा म्हटले नाही, उलट तो खरे बोलतो आहे असेच त्यांचे मत पडले. पण माफीच्या साक्षीदाराच्या बोलण्याला स्वतंत्र दुजोरा नसताना त्यावर शिक्षा देणे धोक्याचे, म्हणून सावरकर सुटले. सरकारने त्या सुटकेविरुद्ध अपील केले नाही.

कपूर आयोगापुढे सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे मार्च १९४८ मधले पोलीस जबाब आले. नथुराम आणि आपटे यांच्या सावरकर भेटींचे उल्लेख त्यांत आहेत. हे दोघे लाल किल्ल्यात साक्षीला उभेच केले गेले नव्हते. या आणि इतर गोष्टी एकत्र धरल्या तर सावरकर आणि त्यांचा गट यांच्या कटाखेरीज दुसरा तर्क टिकत नाही, असे कपूर यांनी लिहिले. सावरकरांना दोषी मानणाऱ्या ए. जी. नूराणींच्या पक्षाची सगळी इमारत या एका वाक्यावर उभी आहे. विक्रम संपत आणि सावरकरांच्या बाजूचे इतर लेखक त्यावर तीन हरकती घेतात. जबाब शपथेवरचे नव्हते आणि त्यांची उलटतपासणी झाली नाही. सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्ये वारले, म्हणजे आयोग नेमला जाण्याआधीच, त्यामुळे त्यांना उत्तर द्यायची संधी मिळाली नाही. आणि आयोगाला नेमून दिलेला प्रश्न ‘कोणाला आधी माहीत होते आणि सरकारने काय केले’ एवढाच होता, कटाचा सूत्रधार शोधणे हे त्याचे काम नव्हते.

या तिन्ही हरकतींत तथ्य आहे. पण कासार-दामले साक्षीला का आणले गेले नाहीत, हा प्रश्न त्यांनी मिटत नाही, आणि सावरकरांचे समर्थक त्याच्या वाटेला जात नाहीत. उलट बाजूचे लोक कपूर यांचे ते वाक्य न्यायालयाचा निकाल असल्यासारखे छापतात. चौकशी आयोगाचा शेरा न्यायालयाची सुटका उलटवू शकत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. माझे मत विचाराल तर कायद्याने सावरकर निर्दोष आहेत आणि इतिहासात तो प्रश्न उघडा आहे. ही दोन वाक्ये एका कागदावर लिहायची तयारी दोन्हीकडच्या फार थोड्यांची आहे.

मनोहर माळगावकरांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत एक हकीकत येते. सावरकरांचे वकील ल. ब. भोपटकर यांना डॉ. आंबेडकरांनी गुपचूप भेटून तुमच्या अशिलाविरुद्ध पुरावा नाही असे सांगितले, अशी ती आहे. एका बाजूला ती ब्रह्मवाक्य वाटते, दुसऱ्या बाजूला थाप. दोन माणसांचे खासगी बोलणे, तिसरा साक्षीदार नाही. असल्या हकिकतीवर निकाल लावता येत नाही, दोन्हीकडचा.

वल्लभभाई पटेलांच्या पत्राचे तर मराठीत हालच झाले आहेत. २७ फेब्रुवारी १९४८ ला त्यांनी नेहरूंना लिहिले की या कटात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ नव्हता, सावरकरांच्या थेट हाताखालच्या हिंदू महासभेतल्या एका माथेफिरू गटाने तो रचला. संघाचे अभ्यासक पहिला अर्धा भाग छापतात. सावरकरांचे विरोधक दुसरा अर्धा छापतात. सावरकर आणि संघ दोघांवरही प्रेम असलेल्या लेखकाची तर फारच पंचाईत होते, म्हणून तो पत्राची तारीख सांगतो आणि पुढे सरकतो. पटेलांनीच जुलै १९४८ मध्ये श्यामाप्रसाद मुखर्जींना लिहिलेल्या पत्रात संघाच्या कारवायांमुळे असे काही घडू शकेल असे वातावरण तयार झाले असे म्हटले आहे. ते तिसरेच लोक छापतात. नथुरामने संघ सोडला होता की नाही हा वाद याच गाठीतला आहे. न्यायालयात नथुरामने सोडल्याचे सांगितले. १९९४ मध्ये एका मुलाखतीत गोपाळ गोडसे म्हणाले की त्याने कधीच सोडला नव्हता. दोघे सख्खे भाऊ, आणि कोणता भाऊ खरे बोलतो हे वाचक आपल्या पक्षाप्रमाणे ठरवतो.

पंचावन्न कोटींच्या वादात मात्र तारखा बऱ्यापैकी बोलतात. गांधींनी उपोषण करून सरकारला पाकिस्तानचे हे पैसे द्यायला लावले म्हणून नथुराम पेटला, ही गोष्ट ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या प्रदीप दळवींच्या नाटकाने घरोघर नेली. १९९८ मध्ये त्यावर बंदी आली, त्यामुळे ती आणखी पसरली. य. दि. फडके यांनी ‘नथुरामायण’ लिहून नाटकातल्या दाव्यांचा समाचार घेतला. जगन फडणीसांचे ‘महात्म्याची अखेर’ही याच बाजूचे. आता तारखा बघा. गांधींनी उपोषण जाहीर केले १२ जानेवारीला, सुरू केले १३ ला. मंत्रिमंडळाने पैसे द्यायचे ठरवले १५ ला. उपोषण सुटले १८ ला, म्हणजे पैशांचा निर्णय झाल्यावरही ते तीन दिवस चालले. आणि नथुरामने आपल्या विम्याच्या दोन पॉलिसींपैकी दोन हजारांची आपटेंच्या पत्नीच्या नावे केली १३ तारखेला, तीन हजारांची गोपाळच्या पत्नीच्या नावे केली १४ ला. १५ तारखेचा निर्णय व्हायच्या आत माणूस मरणाची तयारी करून बसला होता.

यावर नथुरामच्या बाजूचे म्हणतात की संतापाचे कारण उपोषणाची घोषणा, आणि ती १२ ची आहे. ठीक आहे. पण फिर्यादीच्या पुराव्याप्रमाणे आपटेने बडगेला ‘हिंदुराष्ट्र’च्या कचेरीत नेऊन स्फोटके, हातबाँब आणि पिस्तुले मागितली ती १० जानेवारीला. बडगेवर विश्वास नसेल त्याने विम्याच्या कागदांवर ठेवावा, ते बडगेने लिहिलेले नाहीत.

फडके यांच्या बाजूचे लोकही इथे हात आखडता घेत नाहीत. आधीच्या हल्ल्यांची माळ गुंफताना त्यांच्यातले काही फारच सैल होतात. २५ जून १९३४ ला पुण्यात नगरपालिकेच्या सत्काराला जाताना गांधींच्या समजून दुसऱ्याच मोटारीवर बाँब पडला, हे खरे. तो टाकणारे कधी सापडले नाहीत, हेही खरे. तो याच गटाचा होता असे सांगणाऱ्याने पुरावा द्यायला हवा. १९४४ च्या पाचगणीत निदर्शने झाली यावर वाद नाही. सुरा होता का, आणि तो घेऊन धावणारा नथुरामच होता का, यावर आहे. तिथे असलेले भिलारे गुरुजी शेवटपर्यंत सांगत राहिले की त्याला आपण धरला, आणि मणिशंकर पुरोहितांनी आयोगापुढे साक्ष दिली. दुसऱ्या बाजूने या दोघांनाही खोटे ठरवले. १९४६ च्या जूनमध्ये नेरळ-कर्जतच्या दरम्यान गांधींच्या खास गाडीपुढे रुळांवर दगड आले, इंजिनचालकाच्या सावधपणामुळे गाडी वाचली. तो घातपात होता की मालगाडी लुटणाऱ्यांचा उद्योग, याचा निकाल लागलेला नाही. गांधींचे पणतू तुषार गांधी यांच्या पुस्तकात मात्र तो प्रयत्नांच्या यादीत बसलेला आहे.

गोळ्यांच्या वादाला मी जास्त जागा देणार नाही. शवविच्छेदन झाले नाही, फक्त बाहेरून तपासणी झाली, आणि त्या पोकळीत चौथी गोळी शिरली. मुंबईचे डॉ. पंकज फडणीस त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या आधाराने सर्वोच्च न्यायालयात गेले, ब्रिटिशांच्या फोर्स १३६ चा हात असल्याचे त्यांनी सुचवले. तुषार गांधींनी फेरतपासाला विरोध केला. तुमचा यात संबंध काय, असे न्यायालयाने त्यांना विचारले, आणि फडणिसांचा काय, असे त्यांनी विचारले. न्यायालयमित्र अमरेंद्र शरण यांनी कागदपत्रे पाहून फेरतपासाची गरज नसल्याचे सांगितले आणि २८ मार्च २०१८ ला याचिका फेटाळली गेली. २०२४ मध्ये रणजित सावरकरांचे इंग्रजी पुस्तक आले. गांधींचा जीव घेणाऱ्या गोळ्या नथुरामच्या पिस्तुलातल्या नव्हत्याच, असे त्याचे म्हणणे. यात एक गंमत आहे. गोपाळ गोडसे यांनी ‘गांधीहत्या आणि मी’ लिहिले, सरकारने त्यावर बंदी घातली आणि १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. त्या पुस्तकाचा सगळा अभिमान ‘आम्ही केले’ या गोष्टीवर उभा आहे. आता त्यांच्याच वर्तुळाजवळचे लोक म्हणतात, तुम्ही केलेच नाही. नथुरामचा वारसा मिरवायचा की त्याला निर्दोष ठरवायचे, हे त्या घराला आधी ठरवावे लागेल.

भांडण इतके लांबले याचे कारण माझ्या मते संशोधकांच्या स्वभावापेक्षा मूळ तपासात आहे. तपास करणारेच एकमेकांशी भांडत होते, आणि त्यांनी ठेवलेल्या भेगांत आज प्रत्येक जण आपापले बी पेरतो.

२० जानेवारीला मदनलाल पकडला गेला आणि थोड्याच वेळात त्याच्या बोलण्यात पुण्याच्या एका पत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. दिल्ली पोलिसांचे दोन अधिकारी मुंबईला आले. मुंबईच्या खास शाखेचे उपायुक्त जमशेद नगरवाला यांनी त्यांना परत धाडले. संपादकाची माहिती आपण नगरवालांना दिली, असे दिल्लीचे म्हणणे. दिली नाही, असे नगरवालांचे. ही माहिती लिहिलेल्या एका चिठ्ठीवर दोन पोलीस दलांच्या साक्षी आयोगापुढे जुळेनात. नगरवालांच्या डोक्यात गांधींना पळवून नेण्याचा बेत आहे अशी कल्पना बसली होती आणि ते त्या दिशेने माणसे लावत होते. मुंबई प्रांताच्या वृत्तपत्रांची सरकारी यादी त्या वेळी छापलेली होती. तिच्यात पुण्याच्या या पत्राची, त्याच्या संपादकाची आणि मालकाची नोंद होती. ती उघडून पाहायचे काम कोणाच्याच टेबलावर आले नाही.

पुणे सीआयडीचे उपमहानिरीक्षक राणा त्या दिवसांत दिल्लीत होते. मदनलालचा जबाब घेऊन ते निघाले ते रेल्वेने, अलाहाबादमार्गे, आणि मुंबईला पोचले २७ जानेवारीला. त्याच २७ तारखेला नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी विमानात बसून मुंबईहून दिल्लीला गेले, तिथून ग्वाल्हेरला, आणि २९ ला पिस्तूल घेऊन परत दिल्लीत.

रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांची कथा याहून वाईट. मदनलाल त्यांची पुस्तके विकत असे. गांधींना मारायचा बेत त्याने जैनांपुढे बोलून दाखवला होता. स्फोटाची बातमी वाचताच २१ जानेवारीला जैन खेरांना आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंना भेटले, दिल्लीला जाऊन मदनलालला बोलते करायची तयारीही त्यांनी दाखवली. मोरारजींनी त्याच संध्याकाळी मुंबई सेंट्रलवर नगरवालांना बोलावून करकरेला पकडायला आणि सावरकर सदनावर नजर ठेवायला सांगितले. तरी करकरे ३० जानेवारीला दिल्लीत होता. केंद्रात गुप्तचर खाते आणि दिल्ली पोलीस ही दोन्ही खाती टी. जी. संजीवी या एकाच माणसाकडे होती, तरीही दोन खात्यांचे कागद एकत्र आले नाहीत. कपूर यांनी या सगळ्यांना शब्द राखून का होईना पण झापले आहे. अहवालाचा मोठा भाग या दहा दिवसांवर आहे. त्या भागावर भांडण मात्र जवळजवळ नाही. नूराणींच्या बाजूला तो काँग्रेस सरकारवरचा ठपका वाटतो म्हणून ते घाई करतात. सावरकरवाद्यांना त्यात करकरे-आपटे-नथुराम यांच्या हालचाली दिवसागणिक दिसतात म्हणून ते घाई करतात.

ही खोड एकट्या गांधीहत्येच्या संशोधकांची नाही. अमेरिकेत केनेडींच्या खुनावर १९६४ च्या वॉरेन आयोगाने एक सांगितले, १९७९ मध्ये संसदेच्या समितीने वेगळे सांगितले आणि तेव्हापासून तिथल्या अभ्यासकांचे गट एकमेकांना वेडे ठरवत आहेत. आपल्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. सीबीआयने २०१६ मध्ये ज्यांना मारेकरी म्हटले, २०१८ मध्ये त्यांच्या जागी दुसऱ्या दोघांना उभे केले. मे २०२४ मध्ये त्या दोघांना जन्मठेप झाली आणि इतर तिघे सुटले. तपास यंत्रणांनी आपली गोष्ट मध्येच बदलली की बचावाच्या वकिलाला आणि उद्याच्या संशोधकाला आयती भेग मिळते. दाभोलकरांच्या खुनावरची पुस्तके २०७० सालीही अशीच भांडत असतील.

गांधीहत्येवरचे मराठी लेखन जेवढे मी वाचले त्यात फडके यांचे काम मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण ते तारीख आणि कागद सोडून बोलत नाहीत. रागावतात मात्र खूप, आणि तो राग त्यांना वाचकांपासून दूर नेतो. गोपाळ गोडसे यांचे पुस्तक आरोपीची साक्ष म्हणून वाचावे, इतिहास म्हणून नव्हे. ग्वाल्हेरचे बचावाचे वकील पु. ल. इनामदार यांनी खटल्यावर जे लिहिले ते मात्र आत बसून पाहिलेल्या माणसाचे आहे आणि त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. तीन फरारी आरोपींचे पुढे काय झाले यावर तर कोणी पुरते कामच केलेले नाही. केंद्रीय माहिती आयुक्तांनी २०१७ मध्ये त्यांच्याबद्दलचे कागद खुले करायला सांगितले होते. नगर-विसापूर पट्ट्यातल्या १९४७-४८ च्या पोलीस नोंदींवर काम करायचे असेल तर एखाद्या तरुण अभ्यासकाला दौंडहून नगर फार लांब नाही.

तोवर वाचकाला एवढेच सांगतो. गांधीहत्येवरचे नवे पुस्तक हातात घ्याल तेव्हा शेवटची सूची काढा आणि २७ फेब्रुवारी १९४८ चे पटेलांचे पत्र शोधा. ते पूर्ण छापले असेल तर पुस्तक विकत घ्या. अर्धे छापले असेल तर कोणता अर्धा भाग गाळला आहे ते पाहा, लेखक कोणाच्या बाजूने लिहितो हे त्यावरून कळेल.